सावकाराची वही आणि संगणकाचा गुणांक

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हेच घडले. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य सरकारी चौकशी आयोगालाही मान्य करावे लागले. शेतकऱ्यांना सावकाराचा जीव नको होता. त्यांना त्याच्याजवळची कर्जखते आणि हुकूमनामे हवे होते. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे त्याच्या अंगाला सहसा धक्का लागला नाही. जेथे त्याने नकार दिला, तेथे घर फोडून कागद बाहेर काढण्यात आले आणि त्यांची होळी झाली.

या घटनेला २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. कर्जदाराचे भवितव्य ठरविणारा कागद आजही आहे. पण तो जाळता येत नाही, कारण तो कोणा एका सावकाराच्या पेटीत नाही. तो संगणकाच्या स्मृतीत आहे. कोणी काय लिहिले हे कर्जदाराला ठाऊक नसते. बँकेच्या खिडकीवर त्याला एवढेच ऐकविले जाते : 'तुमचं सिबिल बसत नाही.' कोकणापासून विदर्भापर्यंत हा शब्द आता सातबाराइतका रूढ झाला आहे. त्याचा अर्थ समजून घेणे आणि त्यामागील व्यवस्थेकडे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने पाहणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. चळवळीत या विषयाची चर्चा फारशी होत नाही. कर्ज ही मध्यमवर्गाची खाजगी बाब आहे, असा आपला जुना गैरसमज त्याच्या मुळाशी असावा.

गुणांक म्हणजे काय?

सिबिल हे मूळचे एका संस्थेचे नाव. ही संस्था २००० साली स्थापन झाली. पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचे नियमन करणारा कायदा संसदेने २००५ मध्ये केला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. त्यांतील सर्वांत परिचित कंपनीची बहुतांश मालकी अमेरिकेतील शिकागोच्या ट्रान्सयुनियनकडे आहे. बँका, वित्तकंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चारही कंपन्यांना पुरवितात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्यास जाऊ लागली.

या माहितीवरून ३०० ते ९०० या मर्यादेत एक आकडा काढला जातो. साधारणतः ७५०च्या वरचा आकडा चांगला मानतात. हप्ते वेळेवर गेले की नाही, हा त्यातील सर्वांत वजनदार घटक. त्याखेरीज कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते, कर्जाचा व्यवहार किती वर्षांचा आहे, तारणी व बिनतारणी कर्जांचे प्रमाण काय, अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, या गोष्टी पाहिल्या जातात. माणसाचे उत्पन्न, जात वा धर्म या आकड्यात मोजले जात नाहीत.

ही शेवटची गोष्ट आपण प्रामाणिकपणे लक्षात घेतली पाहिजे. गुणांक येण्यापूर्वी रामराज्य होते असे नाही. बँकेच्या व्यवस्थापकाची ओळख, अर्जदाराचे आडनाव, गावच्या पुढाऱ्याची चिठ्ठी आणि ऐपतदार जामीनदार यांवर कर्ज मिळे. ज्याला हे चारही नव्हते तो सावकाराकडे जाई. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का दिसला. सुमारे ७० टक्के सावकारांचा होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा आपण त्याचे स्वागत केले ते याच कारणासाठी. म्हणून पतीची नोंद ठेवणे हेच पाप आहे, अशी भूमिका मी घेणार नाही. वेळेवर फेड करणाऱ्या भाजीविक्रेतीला तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मिळत असेल, तर तो तिच्या हातातील हत्यार ठरू शकतो. प्रश्न नोंदीचा नसून ती नोंद कोणाच्या हुकमतीत आहे, हा आहे.

पाचशे नव्वद रुपयांची गोष्ट

एक उदाहरण देतो. माझ्या परिचयाच्या एका रिक्षाचालकाने काही वर्षांपूर्वी एका वित्तकंपनीकडून 'बिनव्याजी' हप्त्यांवर मुलीसाठी मोबाइल घेतला. सर्व हप्ते फिटले. पुढे रिक्षा जुनी झाली म्हणून त्याने नव्या रिक्षेसाठी बँकेत अर्ज केला. तो नाकारला गेला. दुसऱ्या व तिसऱ्या बँकेतही तेच झाले. कारण कोणी लिहून दिले नाही. आम्ही दोघांनी बसून त्याचा अहवाल काढला, तेव्हा त्या मोबाइलच्या कर्जाखाली ५९० रुपये थकीत दिसले. एका महिन्यात खात्यात पैसे उशिरा जमा झाल्यामुळे हप्ता परत गेला होता. त्याचा दंड ५०० रुपये आणि त्या दंडावरील कर ९० रुपये. हप्ता त्याने चार दिवसांत भरला होता. दंड भरावयाचा राहिला आहे, हे त्याला कोणी सांगितल्याचे आठवत नव्हते. आधीच्या दोन नकारांनंतर केलेला प्रत्येक नवा अर्जही त्या अहवालात नोंदला गेला होता. म्हणजे कर्ज शोधण्याची धडपड हीच त्याच्या विरुद्धची साक्ष झाली होती.

पत्रे लिहून, रक्कम भरून नोंद दुरुस्त करून घ्यावयास काही महिने गेले. रिक्षा दारात उभी राहून घर चालत नाही. दरम्यान त्याने खाजगी सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना दराने पैसे उचलले होते. त्या कर्जाची नोंद कोणत्याही अहवालात नाही. संघटित पतव्यवस्थेने ५९० रुपयांसाठी नाकारलेला माणूस वर्षाला ६० टक्के व्याज देऊ लागला. माणूस तोच, त्याची कष्टाळू वृत्तीही तीच.

व्याजाचा हिशेब आणि न्यायालयाचे दार

सुप्याच्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. परकीय सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता असे नव्हे. त्याला शांतता हवी होती. तथापि त्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. शेतकऱ्यावरील दाव्यात कर्जखतावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता, व्यवहाराच्या प्रारंभापर्यंत मागे जाऊन मुद्दल किती, व्याज किती याचा हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपविले. सावकाराने पावती द्यावी, खात्याचा उतारा द्यावा, असा दंडक घातला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा थांबविली. आपल्याकडे त्याहीपूर्वीपासून दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये.

आता आजची स्थिती पाहा. क्रेडिट कार्डाच्या थकीत रकमेवर अनेक बँका दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आकारतात. या दराने न फेडलेली रक्कम सुमारे २० महिन्यांत दुप्पट होते. समजा, एखाद्या नोकरदाराकडे ५०,००० रुपये थकले आणि तो 'किमान देय' म्हणून ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरतो. त्यांतील १,७५० रुपये व्याजात आणि ३१५ रुपये त्या व्याजावरील १८ टक्के करात जातात. मुद्दलात वळते होतात ४३५ रुपये. आपण नियमित फेड करीत आहोत असे त्याला वाटते, त्याचा गुणांकही लगेच ढासळत नाही, आणि कर्ज मात्र जेथल्या तेथे राहते. गुणांक हप्त्याची तारीख पाहतो, कर्जदाराचे भले पाहत नाही. तो सावकाराच्या जोखमीचे मोजमाप आहे. कर्जदाराच्या आर्थिक आरोग्याचे नव्हे.

या दरांविरुद्ध कोणी लढले नाही असे नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुळात बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली २१-अ हे कलम घालण्यात आले आहे. व्याजदर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँक व तिचा ऋणको यांच्यातील व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. वसाहतीच्या काळात न्यायाधीशासाठी जे दार उघडले गेले होते, ते बँकांपुरते स्वतंत्र भारताच्या संसदेने लावून घेतले. याची खंत आपल्याला वाटावयास हवी.

दोन प्रकारचे कर्जबुडवे

कर्ज बुडविण्याचे समर्थन कोणी करू नये. बँकेतील पैसा हा अखेर ठेवीदारांचा, म्हणजे आपल्यासारख्यांचाच आहे. पण शिस्त सर्वांना सारखी हवी. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची थकीत कर्जे निर्लेखित केल्याचे सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला ठाऊक आहे, आणि आपल्या वक्त्यांनीही सभांतून तसे बोलताना भान ठेवावे. परंतु २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली निकाली निघालेल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रकरणांत धनकोंना मान्य दाव्यांच्या सरासरीने साधारण एक-तृतीयांशच रक्कम मिळते, हेही तितकेच खरे आहे. कंपनी नव्या मालकाकडे जाते, जुनी देणी मिटतात, कारखाना नव्याने श्वास घेतो. उद्योगासाठी हे तत्त्व योग्यच आहे.

मग हेच तत्त्व माणसासाठी का नाही? त्याच संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून अधिक नाही, मालमत्ता २०,००० रुपयांहून अधिक नाही, स्वतःचे घर नाही आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांच्या आत आहे, अशा दरिद्री ऋणकोस 'नवी सुरुवात' करू देणारे एक संपूर्ण प्रकरण तीत लिहिलेले आहे. परंतु तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. सामान्य माणसासाठी अजूनही १९०९ आणि १९२०चे इंग्रजी अमदानीतील कायदेच आहेत. तो तडजोड करून कर्ज मिटवितो, तेव्हा त्याच्या अहवालावर 'तडजोडीने मिटविले' असा शिक्का बसतो. पतसंस्थांनी माहिती किमान सात वर्षे जपावयाची असते. कारखान्याला नवा श्वास आणि माणसाला सात वर्षांचा डाग!

हा डाग आता कर्जापुरताही राहिलेला नाही. एका सार्वजनिक बँकेने उमेदवाराची कर्जफेडीची नोंद वाईट म्हणून त्याची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. कर्ज फेडावयास नोकरी हवी, आणि नोकरी मिळावयास फेडलेले कर्ज हवे! उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, गुणांक कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारू नये, बँकांनी मानवी दृष्टी ठेवावी, असे म्हटले. या दोन दृष्टींपैकी कोणती समाजाने स्वीकारावी, हा राजकीय प्रश्न आहे.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर हे मोजमाप मुळातच विपरीत आहे. त्याचे उत्पन्न हंगामाचे, आणि मोजमाप दिवसांचे. पाऊस गेला, भाव कोसळला, हे अहवालाला कळत नाही. थकबाकीचे दिवस किती झाले एवढेच कळते. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, असे बँकांना बजावले. ही तंबी स्वागतार्ह आहे. पण तीच तंबी वारंवार द्यावी लागते, यातच तिची दुर्बलता दिसते. बैठकीतल्या दमदाटीने शाखेतला नियम बदलत नसतो.

आज हाती काय आहे?

व्यवस्था बदलेपर्यंत माणसाने उघडे पडू नये, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी प्रत्येक कामगाराला व शेतकऱ्याला ठाऊक असल्या पाहिजेत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. चुकीची नोंद आढळल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आला. पतमाहिती कंपन्या २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या असून तेथे तक्रारीस शुल्क नाही. पूर्वी कधी कर्ज घेतले नाही एवढ्यावरून पहिले कर्ज नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितले.

शेवटचा हप्ता भरल्यावर 'काही देणे नाही' असा दाखला मागून घ्यावा. तो कागद माझ्या रिक्षाचालक मित्राजवळ असता, तर त्याचे काही महिने वाचले असते. कार्डाची पूर्ण रक्कम भरता येत नसेल, तर कार्ड घरी ठेवावे. आठवड्याभरात पाच ठिकाणी अर्ज करू नयेत. आपल्या सहीने कोणाला जामीन राहिलात, तर त्याची थकबाकी तुमच्याही अहवालात उमटते, हे स्नेहापोटी विसरू नये. आणि 'सिबिल दुरुस्त करून देतो' असे सांगून पैसे घेणारे दलाल चौकाचौकांत बसले आहेत. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद पुसावयास पैसे पडत नाहीत, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगावे.

परंतु सगळी जबाबदारी व्यक्तीच्या शिस्तीवर ढकलून मोकळे होणे हा भांडवलशाहीचा जुना डाव आहे. म्हणून चळवळीने पुढील मागण्या हाती घ्याव्यात असे मी सुचवितो. कर्ज नाकारल्याचे नेमके कारण आणि ज्या नोंदीमुळे ते नाकारले ती नोंद, अर्जदाराला शाखेतच, छापील स्वरूपात, मराठीत मिळाली पाहिजे. दंड व शुल्कांच्या किरकोळ थकबाकीची नोंद, पोच घेतलेल्या पूर्वसूचनेवाचून पाठविण्यास बंदी हवी. आकडा कसा काढला जातो त्याचे सूत्र सार्वजनिक तपासणीस खुले हवे. रिझर्व्ह बँकेच्या उच्चस्तरीय कृतिगटाने २०१८ मध्ये सार्वजनिक पतनोंदणीची शिफारस केली होती. नागरिकांच्या कर्जाची वही खाजगी, त्यातही परदेशी मालकीच्या हाती ठेवण्यापेक्षा ती सार्वजनिक ताब्यात आणण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. दिवाळखोरी संहितेचे 'नवी सुरुवात' प्रकरण, त्यातील जुन्या झालेल्या मर्यादा वाढवून, सामान्य माणसाला लागू करावे. बिनतारणी ग्राहककर्जांसाठी कलम २१-अ शिथिल करून दामदुपटीचे तत्त्व कायद्यात परत आणावे.

एक मागणी स्वतःकडेही आहे. सहकारी पतपेढी हे सावकारीला आपण दिलेले उत्तर होते. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या चळवळीसाठी आयुष्य वेचले, तिच्यातील किती संस्था आज आपल्या सभासदाला नावाने ओळखतात? किती संस्था संचालकांच्या सोयऱ्यांना कर्जे वाटून बुडाल्या? सभासदाची पत त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक असते, हे सहकाराचे खरे बळ होते. ते आपण गमावले म्हणूनच संगणकाच्या आकड्याला एवढी सत्ता मिळाली. प्रत्येक तालुक्यात निदान एक कर्जसल्ला केंद्र आपले कार्यकर्ते चालवू शकतात : आठवड्यातून एक दिवस, एक टेबल, एक संगणक आणि तक्रारअर्ज लिहून देणारा एक माणूस. निवृत्त शिक्षकांना आणि बँक कर्मचाऱ्यांना हे काम सहज जमेल. मी स्वतः त्यासाठी नाव द्यावयास तयार आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते आणि वाचून दाखविणारा न्यायाधीशही त्यांच्या बाजूचा नव्हता. त्यांच्या क्रोधानंतर निदान हिशेब मागण्याचा हक्क तरी कायद्यात आला. आपल्याला वाचता येते. तेव्हा आपण तो हिशेब मोठ्याने वाचावयाचा आहे, चुकीचा असेल तेथे बोट ठेवावयाचे आहे, आणि हे कर्जदाराने एकट्याने नव्हे, तर संघटितपणे करावयाचे आहे.